परदेशी वर्गाशी जोडी जमवायची तर: कोल्हापूरच्या जर्मन शिक्षिकेच्या काही सूचना

दोन देशांतले दोन वर्ग आणि मध्ये व्हिडिओ कॉलची एक लिंक. नाव, वय, छंद, आवडता पदार्थ. इकडून 'तांबडा-पांढरा', तिकडून 'पिझ्झा'. दहा-बारा मिनिटांत सगळं आटोपतं आणि पोरं वळून विचारतात, "मॅडम, आता काय बोलायचं?" हा प्रश्न आला की समजावं, बेतच कच्चा आहे. पोरांना जर्मन कमी येतं हे खरं, पण गप्पा अडतात त्या त्यामुळे नाही. त्यांना एकमेकांकडून काही हवंच नसतं, म्हणून अडतात.

मी राजारामपुरीत जर्मनचे वर्ग घेते, ए१ पासून बी१ पर्यंत, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून ए२ करत मधल्या पातळीपर्यंत. इंजिनिअरिंगची मुलं येतात, नर्सिंग करून जर्मनीला निघालेल्या मुली येतात, शिरोलीच्या फाउंड्रीतली शिफ्ट संपवून येणारा एखादा सुपरवायझरही असतो. पुस्तकासोबतच्या ऑडिओपलीकडे यांच्या कानावर जर्मन पडत नाही. परदेशातल्या वर्गासोबत काही आठवडे ऑनलाइन मिळून काम करायचं, याला व्हर्च्युअल एक्स्चेंज म्हणतात. फी नाही, व्हिसा नाही. तयारी मात्र भरपूर लागते आणि ती जवळजवळ सगळी शिक्षकाच्या गळ्यात पडते. ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जोडीदार कोण?

सगळ्यात आधी स्वतःला विचारा: त्यांना आपल्याकडून काय मिळणार? जुन्या टँडम पद्धतीत हिशोब सोपा होता. तू माझी भाषा शिकतोस, मी तुझी. अर्धा वेळ तुझ्या भाषेत, अर्धा माझ्या. पण तिकडे मराठी शिकणारा अख्खा वर्ग आपल्याला कुठून मिळणार? तो शोधण्यात वर्ष घालवू नका. व्यवहार्य वाटा तीन.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात चांगली वाट म्हणजे जर्मन विद्यापीठांत 'परकी भाषा म्हणून जर्मन' शिकवण्याचं शिक्षण घेणारे विद्यार्थी. तिकडे हा विषय रीतसर शिकवला जातो. लाइपझिगच्या हेर्डर इन्स्टिट्यूटची परंपरा तर १९५६ पासूनची. या भावी शिक्षकांना शिकवून बघायला खरे विद्यार्थी हवे असतात आणि ते आपल्याकडे आहेत. गरज दोन्हीकडे, म्हणजे कुणावर उपकार नाहीत. ए२ च्या पुढच्या वर्गाला हे उत्तम.

दुसरी वाट तिसऱ्या देशातल्या जर्मन शिकणाऱ्यांची, पोलंड, तुर्कस्तान, व्हिएतनाम, कुठलाही. दोघंही तितकेच अडखळतात, त्यामुळे लाज वाटत नाही. ए१ ला मी हेच सुचवेन. तिसरी वाट जर्मन शाळेतल्या इंग्रजीच्या वर्गाची. ती मुलं आपल्याशी इंग्रजी बोलतील, आपली त्यांच्याशी जर्मन. यात वाटणी काटेकोर पाळावी लागते. त्याबद्दल पुढे.

शोधायचं कुठे? युरोपातल्या शाळांचं ई-ट्विनिंग नावाचं जाळं २००५ पासून चालू आहे, पण भारत त्यात नाही, तिथे धडपडू नका. जर्मन शिकवणाऱ्या जगभरच्या शाळांना जोडणारी पाश योजना जर्मन सरकारने २००८ साली सुरू केली, तुमची शाळा तिच्यात असेल तर काम सोपं. विद्यापीठांतल्या अशा ऑनलाइन जोड्यांसाठी युनिकोलॅबरेशन ही संस्था आहे. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृतीच्या केंद्रात, शिक्षकांच्या कार्यशाळेला गेलात तर चहाच्या सुट्टीत ओळखी काढा. अशा ओळखीतून जमलेली जोडी टिकते असा माझा अनुभव आहे. थेट ई-मेल करणार असाल तर लांबलचक 'आदरणीय महोदय' नको. विद्यार्थी किती, पातळी कोणती, कुठले वार, कुठल्या वेळा, किती आठवडे आणि तुमच्या विद्यार्थ्यांना यातून काय मिळेल, एवढंच लिहा. एका स्क्रीनमध्ये मावलं पाहिजे.

घड्याळ आणि कॅलेंडर

हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तिकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. तिकडच्या विद्यापीठांतली हिवाळी व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, म्हणजे ओळख होते न होते तोच वेळ बदलते. त्यांचा एकचा तास आपल्याकडे आधी साडेचारला असतो, तो साडेपाचला होतो. पहिल्याच दिवशी दोन्ही वेळा लिहिलेला तक्ता वाटून टाका.

मग दिवाळी, नाताळ, आपल्या सेमिस्टर परीक्षा, फेब्रुवारीत संपणारी त्यांची व्याख्यानं. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून सुट्ट्यांवर फुल्या मारल्या की सलग सहा आठवडे मिळाले तरी खूप. सहा पुरतात. त्याहून लांब बेत आखला की शेवटी दोन-चार हौशी जोड्याच उरतात.

काम काय द्यायचं

इथे वेळ घाला. बाकी सगळं यावर उभं आहे.

रॉबर्ट ओ'डाउड आणि पेज वेअर या अभ्यासकांनी २००९ मध्ये अशा उपक्रमांतल्या कामांचे तीन प्रकार मांडले: माहितीची देवाणघेवाण, तुलना आणि चिकित्सा, आणि मिळून काहीतरी तयार करणं. बहुतेक वर्ग पहिल्यावर थांबतात. माझा क्रम असा: पहिला आठवडा ओळखीचा, पुढचे तीन तुलनेचे, शेवटचे दोन मिळून करायच्या कामाचे.

ओळख कॉलवर नको. प्रत्येकाने दीड मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा, त्यात एक प्रश्न ठेवायचा. ऐकणारा तो चार वेळा ऐकू शकतो, लिहून काढू शकतो, शब्दकोश बघू शकतो. कॉलवर हे होत नाही.

तुलनेसाठी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेल्या 'कुल्तुरा' प्रकल्पाची युक्ती अजूनही चालते. तिथे फ्रेंच शिकणारे अमेरिकन आणि इंग्रजी शिकणारे फ्रेंच विद्यार्थी एकाच प्रश्नावलीला उत्तरं द्यायचे: हा शब्द ऐकल्यावर काय सुचतं, हे वाक्य पुरं करा, असा प्रसंग आला तर काय कराल. उत्तरं शेजारी शेजारी ठेवली जायची आणि चर्चा त्यावर. प्रत्येकजण स्वतःच्या भाषेत लिहायचा, म्हणजे समोरच्याला अस्सल भाषा वाचायला मिळायची. आपल्याला मराठीत लिहून चालणार नाही, पण प्रश्नावली उचलता येते. 'शेजारी', 'उशीर', 'चांगली नोकरी' हे तीन विषय देऊन बघा. 'शेजारी' म्हटल्यावर आमच्याकडून किल्ली, वाटी, भांडण असलं काही येतं. तिकडून शांतता, जिना, पार्सल. मग प्रश्न आपोआप सुटतात. शेजाऱ्याचा आणि पार्सलचा काय संबंध? विचार की त्यालाच!

माझं सगळ्यात आवडतं काम बिलाचं. दोन्हीकडच्यांनी घरच्या खरेदीची खरी पावती आणायची. जर्मन सुपरमार्केटच्या पावतीवर पाण्याच्या बाटलीखाली 'प्फांट' अशी २५ सेंटची ओळ असते. ते बाटलीचं डिपॉझिट, रिकामी बाटली मशिनमध्ये टाकली की परत मिळतं. हे मी आधी सांगत नाही. पोरांना ती ओळ बघून स्वतः विचारू दे. आता आपली पावती. कपिलतीर्थ मंडईत भाजीची पावती कोण देतो? म्हणून विद्यार्थ्यांनी ती हाताने लिहून काढायची: वांगी अर्धा किलो, मेथीची जुडी, मिरची पाव किलो, कढीपत्ता शून्य रुपये. हा शून्य बघून जर्मन जोडीदार हटकून विचारतो. मग कढीपत्ता वर का घातला जातो, भाजीवाल्या मावशींची आणि आईची ओळख किती जुनी, हे सगळं ए२ च्या जर्मनमध्ये सांगायचं. भूतकाळ लागतो आणि कारणं सांगणारी वाक्यंही लागतात. पुस्तकातला धडा आठवतो तो तेव्हा, कारण आता तो लागणार असतो.

मिळून करायच्या कामाला फुटबॉल घ्या. आपल्या पेठांचं फुटबॉलवेड बाहेरच्यांना माहीत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या मंडळांचे सामने शाहू स्टेडियमवर कसे भरतात, तालमीचा आणि फुटबॉलचा संबंध कसा, हे आपल्या पोरांनी सांगायचं. तिकडे गावोगावी 'फेराइन' असतात, नोंदणीकृत मंडळं. नोंदणीला किमान सात सभासद लागतात. वर्गणी कोण देतं, मैदान कुणाचं, मुलींचा संघ आहे का, भांडण झालं तर मिटवतं कोण, असे सहा प्रश्न दोघांनी आपापल्या गावात खऱ्या माणसाला विचारायचे आणि उत्तरांचं मिळून एक पत्रक किंवा पाच मिनिटांची ध्वनिफीत करायची. अट एकच: प्रत्येक भागात दोन्हीकडची माहिती हवी. एकाने न विचारता दुसऱ्याचं काम पुरं होता कामा नये. रंकाळ्याचा फोटो आणि ब्रांडेनबुर्ग गेटचा फोटो असली सहल मी देत नाही. ती इंटरनेटवर आयती मिळते.

इंग्रजीची घसरगुंडी

आपली मुलं इंग्रजीतून शिकलेली, जर्मन मुलांचंही इंग्रजी बरं. जर्मन अडलं की दोघं मिळून इंग्रजीवर घसरतात आणि शिक्षकाला कळतही नाही. पूर्ण बंदी घालू नका, कारण मग शांतता पसरते. पहिली वीस मिनिटं जर्मनच, नंतर ठरलं असेल तर इंग्रजी, हे दोन्ही शिक्षकांनी एकाच शब्दांत सांगायचं. आणि अडल्यावर वापरायची पाच-सहा वाक्यं आधी तोंडपाठ हवीत: पुन्हा सांगशील का, जरा हळू, म्हणजे कसं, थांब, शब्द शोधते, मला असं म्हणायचं होतं की. ही मी वर्गात परवच्यासारखी म्हणून घेते. 'डू' (तू) म्हणायचं की 'झी' (आपण) तेही आधी ठरवा. आमची मुलं तिकडच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीला मॅडम करून टाकतात आणि मग बरोबरीने गप्पा होत नाहीत.

चुका सुधारण्यालाही मर्यादा घाला. एका निरोपात तीनच चुका, त्याही बोलणं पुरं झाल्यावर. शिकाऊ शिक्षकांना लाल पेन आवरत नाही.

रुसवे-फुगवे

ते होणारच. नेहमीचं कारण उत्तर न येणं. 'अठ्ठेचाळीस तासांत एक ओळ तरी' असा नियम करा. काम झालं नसेल तर तसं लिहा. आमच्या मुलांना नाही म्हणायला जड जातं. "बुधवारपर्यंत देशील?" "हो हो." बुधवार येतो आणि जातो. समोरच्याने तो होकार शब्दशः घेतलेला असतो. 'बुधवारी जमणार नाही, शुक्रवारी देतो' हे वाक्य व्याकरणाइतकंच शिकवावं लागतं.

दुसरं कारण कॅमेरा. घरात एकच खोली, मागून आजी जाते, कागलच्या पुढे नेटवर्क पडतं. कॅमेरा सक्तीचा करू नका. ज्यांच्याकडे सोय नाही त्यांना वर्गावर बोलवा, एका फोनवर दोघं, इअरफोन वाटून. तिकडचेही पुष्कळजण कॅमेरा बंदच ठेवतात, त्यात अपमान नाही.

जात, गरिबी, लग्न यांवरचे प्रश्न येतात. उत्तर द्यायचं की नाही हे विद्यार्थ्याने ठरवायचं. पण 'यावर मला बोलायचं नाही' हे जर्मनमध्ये म्हणता आलं पाहिजे. दर आठवड्याला अर्धा तास आपल्या वर्गात बसून झालेल्या गोष्टींवर बोला आणि ते मराठीत बोला. ए२ च्या जर्मनमध्ये मनातला राग नीट सांगता येत नाही. काही शिक्षकांना हा वेळ वाया वाटतो. मला वाटत नाही.

परवानगी आणि गुण

युरोपात माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि जर्मन शिक्षक तो फार मनावर घेतात. त्यामुळे 'व्हॉट्सअॅप ग्रुप काढू' हे पहिल्याच बैठकीत म्हणू नका. त्यांच्या विद्यापीठाचं मूडल (ऑनलाइन वर्गाची साइट) किंवा बिगब्लूबटन (व्हिडिओ कॉलची सोय) वापरा. आपल्या मुलींच्या पालकांनाही नंबर बाहेर न गेलेला बरा वाटतो. पालकांसाठी मराठीत एक पानाचं पत्र काढा: कोण, कशासाठी, किती आठवडे, काय साठवलं जाणार. आणि न विचारता कॉल रेकॉर्ड कराल तर जपून; खासगी बोलणं चोरून रेकॉर्ड करणं जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. मुलांनाही हे सांगा, त्यांचं बोट रेकॉर्डच्या बटणावर सहज जातं.

गुण द्यायचेच असतील तर शुद्ध जर्मनला देऊ नका, त्यासाठी परीक्षा आहेच. वेळेवर उत्तरं, विचारलेले प्रश्न, शेवटचं काम आणि स्वतःच्या तीन मिनिटांच्या बोलण्याचं लिहून काढून दुरुस्त केलेलं टिपण, यांना द्या. हे टिपण करताना पोरं स्वतःवरच वैतागतात, पण क्रियापद शेवटी टाकायला तिथेच शिकतात.

शेवटच्या आठवड्यात दोन्ही वर्गांनी एकमेकांची पत्रकं वाचून प्रत्येकी दोन प्रश्न विचारायचे. त्यानंतर संपर्क ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, शिक्षकाने मध्ये पडू नये. तुम्ही मात्र त्याच आठवड्यात तिकडच्या शिक्षकाशी तासभर बसा, कुठलं काम ठेवायचं आणि कुठलं काढायचं ते ठरवा, आणि पुढच्या सत्राच्या तारखा लगेच लिहून घ्या. व्याख्यानं संपली की तिकडचे लोक ई-मेलला उत्तर द्यायला वेळ लावतात.