आबांना पाणी पाजताना

ठसका लागला की टाळूवर थापटत "वर बघ, वर बघ" म्हणायचं, ही घराघरातली रीत. आबांना अर्धांगाचा झटका आल्यावर आमच्या घरात पहिली तीच बंद झाली. मान मागं गेली की श्वासनळीचा रस्ता आणखी मोकळा होतो, आणि घशाचे स्नायू ढिले पडलेल्या माणसाचं पाणी तिकडंच वळतं.

दुसरी समजूत आत्तीची. "घास जात नाही तर पातळ पाजा." गंगावेशीच्या कट्ट्यावरनं ती म्हशीचं दूध घेऊन यायची. पण पातळ पदार्थ जिभेवरून सुटला की सरळ घशात. झटक्यानंतर श्वासनळी मिटायला उशीर होतो; दूध आधी पोचतं. काहींना अशा वेळी खोकलासुद्धा येत नाही, म्हणून खोकल्यावर विसंबू नका. गिळून झालं की "आबा, काहीतरी बोला" म्हणायचं. आवाज ओला, घरघरता आला तर भरवणं थांबवायचं. धाप लागली किंवा उगाच ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण फुप्फुसात उतरलेल्या अन्नपाण्यानं न्यूमोनिया होतो.

आणि हे सगळं गिळण्याची तपासणी झाल्यानंतरचं. ती होईपर्यंत तोंडानं गोळीसुद्धा नाही. आबांना २० दिवस नाकातून नळी होती. पुढंही गोळ्या कुटून द्यायच्या तर आधी विचारा, काही गोळ्या कुटून चालत नाहीत.

आता दाटपणा. पातळ धोक्याचं, म्हणून पाणी-दूध पावडर घालून दाट करायचं. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, त्यामुळं "थोडं दाट करा" असल्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. थोडं म्हणजे किती? गिळण्याच्या थेरपिस्ट बाईंनी सिरिंजची चाचणी दाखवली तेव्हा जीव भांड्यात पडला. १० मिलीची बिनसुईची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालचं तोंड बोटानं दाबून दाट केलेलं पेय १० मिलीपर्यंत भरायचं. बोट काढायचं, १० सेकंद मोजायचे, परत दाबायचं. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाणीच समजा. १ ते ४ उरलं तर दाटपणाची पातळी १, ४ ते ८ म्हणजे २, ८ च्या वर पण थोडं तरी गळलं तर ३. आबांना २ सांगितली होती. तुमच्या माणसाची थेरपिस्टच ठरवणार. सिरिंजवरच्या ० ते १० खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी. मी दुकानातच व्हर्निअर लावला, मेडिकलवाला बघतच राहिला.

दाट करायची पावडर स्टार्चची असेल तर लाळेनं पुन्हा पातळ होते. गमची, म्हणजे डिंकाच्या जातीची, टिकते.

खाण्यात सगळ्यात वाईट मिसळ. एकाच घासात कट पातळ आणि फरसाण कडक, घशानं सांभाळायचं कुणाला? चहात बुडवलेलं बिस्किट त्याच जातीचं. आम्ही वरण-भात मिक्सरमधून एकजीव करायचो.

भरवताना खुर्चीत ताठ बसवा, पाय टेकलेले, लुळा हात उशीवर, टीव्ही बंद. आपण उभं राहायचं नाही, नाहीतर त्यांची हनुवटी वर जाते. लहान चमचा, तोही अर्धा. हनुवटी छातीकडं घेऊन गिळणं सगळ्यांना लागू पडत नाही, सांगितलं तरच करा. शेवटी टॉर्च मारून लुळ्या बाजूचा गाल बघा. पहिल्या आठवड्यात आमच्याकडं दुपारचा भात तिथं संध्याकाळी सापडला होता. मग दात घासून तोंड स्वच्छ करा, आणि जेवणानंतर ३० मिनिटं तरी आडवं करू नका.

दोन महिन्यांनी आबांनी रविवारी पांढरा रस्सा मागितला. बाईंना फोन करून विचारलं. गाळून, कोमट करून, पावडर घातली. सिरिंजमध्ये ६ मिली उरला. तीन चमचे झाल्यावर म्हटलं, "आबा, बोला काहीतरी."

"पेज झालीया रं ह्याची," आबा म्हणाले. आवाज कोरडा होता. मी चौथा चमचा भरला.