कोलीनच्या एन्झाइमांवर काम करताना या चुका टाळा

प्राण्यांच्या पेशीपटलात सर्वाधिक असणारे फॉस्फोलिपिड म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन, आणि ते बनवण्याच्या मुख्य मार्गावर तीन एन्झाइमे आहेत. कोलीन कायनेज कोलीनला फॉस्फेट जोडते, सायटिडिलिलट्रान्सफरेज (यापुढे सीसीटी) त्या फॉस्फोकोलीनपासून सीडीपी-कोलीन बनवते, आणि पटलात रुतून बसलेले कोलीनफॉस्फोट्रान्सफरेज फॉस्फोकोलीनचा तो तुकडा डायग्लिसराइडवर चढवते. मार्ग तीनच पायऱ्यांचा असल्यामुळे नव्या विद्यार्थ्यांना तो दोन महिन्यांचा प्रकल्प वाटतो. तो दोन वर्षांचा का होतो, हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे, आणि दर वेळी कारणे त्याच चार-पाच बाटल्यांत आणि त्याच दोन-तीन सवयींत सापडतात.

पहिली चूक ओलसर कोलीनची. कोलीन क्लोराइड हवेतले पाणी इतक्या हावरटपणे ओढून घेते, की मुंबईच्या पावसाळ्यात उघडी बाटली टेबलावर ठेवून कोणी फोन घ्यायला गेले तर परत येईपर्यंत स्फटिकांचा चिखल झालेला असतो. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने उंदराच्या यकृतातील कोलीन कायनेजचा केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग येण्यासाठी लागणारी कोलीनची तीव्रता) मे महिन्यात काढला होता. जुलैत तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा केएम सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढलेला निघाला आणि व्हीमॅक्सही, म्हणजे कमाल वेगही, तेवढाच वाढलेला निघाला. दोन्ही वेळच्या रेषा इतक्या सरळ होत्या की मोजणीवर संशय घ्यायला कोणी धजावले नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही या एन्झाइमाच्या अल्फा आणि बीटा रूपांचे यकृतातले प्रमाण ऋतूनुसार बदलत असेल का, यावर गंभीर चर्चा केली, आणि त्या चर्चेत मीच सर्वांत हिरिरीने बोलत होतो, हे कबूल करायला हवे.

प्रत्यक्षात जुलैतल्या स्टॉकसाठी (साठ्याच्या द्रावणासाठी) वजन केलेल्या भुकटीत सुमारे पाचवा हिस्सा पाणी होते. नळीतले कोलीन आपल्या समजुतीपेक्षा कमी असल्यामुळे केएम फुगलेला दिसतो, हे कोणाच्याही चटकन लक्षात येते. व्हीमॅक्स का फुगतो, हे मात्र कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. मोजणीसाठी खूण म्हणून किरणोत्सारी कोलीन आपण नेहमीइतकेच घालतो, पण त्यात मिसळलेले साधे कोलीन कमी पडलेले असते, म्हणून दर नॅनोमोलमागची किरणोत्सारिता आपण धरतो त्यापेक्षा जास्त असते आणि तयार झालेले फॉस्फोकोलीनही हिशेबात जास्त भरते. प्रत्येक बिंदू एकाच गुणकाने सरकतो, त्यामुळे आलेखाच्या सौंदर्याला जराही धक्का लागत नाही.

यावर माझा उपाय जुन्या वळणाचा आहे. मी भुकटी निर्वात डेसिकेटरमध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइडवर वाळवतो, वजन करण्याऐवजी अंदाजाने थोडा जास्त तीव्र स्टॉक बनवतो, आणि मग सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडचे अनुमापन करून त्याची खरी तीव्रता काढतो. क्रोमेटचा विटकरी रंग पाहून शेवटचा बिंदू ठरवणे हे अकरावी-बारावीचे काम आहे, असे म्हणून काही जण नाक मुरडतात. त्या अकरावीच्या कामाला वीस मिनिटे लागतात, तर वर सांगितलेल्या चर्चेला तीन आठवडे लागले होते.

फॉस्फोकोलीनच्या बाटलीचीही हीच कथा आहे, फक्त तिथे दोष हवेचा नसून न वाचलेल्या लेबलाचा असतो. बाजारात मिळणारे फॉस्फोकोलीन बहुधा फॉस्फोकोलीन क्लोराइडचा कॅल्शियम क्षार असते आणि त्यात पाण्याचे चार रेणू असतात. त्याचे रेणुभार ३२९.७ धरावे लागते, आणि बफरमध्ये फॉस्फेट असेल तर नळीत पांढरा गाळ बसतो. तो प्रथिनाचा गाळ समजून फिरवून टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

आता कोलीन कायनेजला फॉस्फेट पुरवणाऱ्या एटीपीविषयी. येथे इतिहास सांगण्याचा मोह मला आवरत नाही, कारण या मार्गाचा मधला दुवा अशाच एका अशुद्ध बाटलीमुळे उजेडात आला. युजीन केनेडी आणि सॅम्युएल वाइस फॉस्फोकोलीन लिपिडात कसे जाते हे शोधत होते, तेव्हा त्यांना दिसले की अस्फटिकी एटीपी वापरले तर प्रक्रिया चालते आणि शुद्ध स्फटिकी एटीपी वापरले तर ती चालत नाही. त्या अशुद्ध एटीपीत थोडे सीटीपी (एटीपीचे सायटिडिनयुक्त भावंड; सीडीपी-कोलीनमधला सायटिडिनचा भाग यातूनच येतो) मिसळलेले होते आणि खरे काम तेच करत होते. सायटिडिन सहएन्झाइमांवरचा त्यांचा सविस्तर लेख १९५६ मध्ये आला. त्यांनी विसंगती दिसताच बाटलीत काय आहे ते तपासले. आमच्याकडचे उतावीळ विद्यार्थी अशी विसंगती दिसली की सरासरी काढतात.

माझा सर्वांत जास्त राग ज्या चुकीवर आहे ती सीसीटीची. बहुतेक पेशींत या मार्गाची गती हेच एन्झाइम ठरवते, म्हणून प्रत्येकाला तेच मोजायचे असते, आणि ते कसे वागते हे समजून घेण्याआधीच मोजायचे असते. सीसीटी विरघळलेल्या अवस्थेत बव्हंशी निष्क्रिय असते. ओलिक आम्लासारखी मेदाम्ले किंवा ऋणभारित फॉस्फोलिपिडे असलेल्या पटलाला चिकटले, की त्याचा एक भाग हेलिक्सचा आकार घेऊन पटलात शिरतो आणि एन्झाइम जागे होते. याचा अर्थ असा की तुमच्या नळीत किती लिपिड आहे यावर तुमचा आकडा अवलंबून आहे, मग ते लिपिड तुम्ही मुद्दाम घातलेले असो वा नकळत राहिलेले असो.

एका विद्यार्थ्याने एका वनस्पतिजन्य संयुगाचा उंदरांवरचा परिणाम तपासताना कंट्रोल गटाचे सायटोसोल (पेशीतला विरघळलेला भाग) शुक्रवारी दुपारी ताजेच मोजले. औषध दिलेल्या गटाचे सायटोसोल तयार होईपर्यंत संध्याकाळ झाली, आणि गाडीची वेळ झाल्यामुळे त्याने ते ४ अंश सेल्सिअसवर ठेवून दिले. सोमवारी मोजले तेव्हा सीसीटीची क्रियाशीलता कितीतरी पटींनी जास्त होती. परिषदेसाठीचा सारांश त्याने मंगळवारी लिहिला, कंट्रोलचा उरलेला नमुना बुधवारी पुन्हा मोजायला मी सांगितले, आणि गुरुवारी तो सारांश मागे घेतला गेला, कारण फ्रिजमध्ये राहिलेल्या कंट्रोलचीही क्रियाशीलता तेवढीच वाढली होती. यकृताचे सायटोसोल थंडीत नुसते ठेवले तरी त्यातले हलके, निष्क्रिय सीसीटी लिपिडांसह एकत्र येऊन जड आणि सक्रिय रूप घेते, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. ते त्याला माहीत नव्हते यात त्याचा फारसा दोष नाही. दोन गट दोन वेगळ्या दिवशी मोजले हा दोष मात्र त्याचाच आहे, कारण ते कोणत्याही एन्झाइमासाठी चुकीचेच असते.

तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे. प्रत्येक नमुना त्याच दिवशी दोनदा मोजायचा, एकदा जसा आहे तसा आणि एकदा फॉस्फॅटिडिलकोलीन व ओलिक आम्ल यांच्या भरपूर पुटिका (लिपिडांचे सूक्ष्म फुगे) घालून. पहिला आकडा त्या क्षणी किती एन्झाइम जागे होते ते सांगतो आणि दुसरा एकूण किती होते ते सांगतो. औषधाने फक्त पहिला बदलला असेल तर एक गोष्ट घडली आहे, आणि दोन्ही बदलले असतील तर दुसरी. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टी जाड दिसली म्हणून सीसीटी वाढले आणि म्हणून फॉस्फॅटिडिलकोलीनची निर्मिती वाढली, ही घाईची उडी मी परीक्षक म्हणून एकदाही मान्य केलेली नाही. पेशी फोडण्याच्या बफरमध्ये सवयीने ट्रायटन घालणाऱ्यांनी विरघळलेले आणि पटलाला चिकटलेले सीसीटी वेगळे मोजल्याचा दावाही करू नये, कारण डिटर्जंटने तो भेद आधीच पुसून टाकलेला असतो. त्यासाठी डिजिटोनिनने बाहेरचे पटल सच्छिद्र करून बाहेर आलेला भाग आणि आत राहिलेला भाग वेगळे मोजणे अधिक प्रामाणिक आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

कोलीन कायनेज पायरुव्हेट कायनेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज जोडून ३४० नॅनोमीटरवर मोजणे सोपे आणि स्वस्त आहे, पण ही पद्धत एटीपीतून उरलेले एडीपी मोजते, फॉस्फोकोलीन नाही. अशुद्ध अर्कात एटीपी तोडणारी इतर एन्झाइमे भरपूर असतात, त्यामुळे कोलीन न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासाठी हवी, आणि तिचा आकडा मूळ आकड्याच्या निम्म्याहून जास्त आला तर पद्धतच बदलायला हवी.

यकृत किंवा मूत्रपिंडाच्या अर्कातून मायटोकॉन्ड्रिया नीट काढले नाहीत तर कोलीन डिहायड्रोजनेज तुमचे कोलीन बीटेनच्या वाटेला लावते. १,००,००० जी वर (गुरुत्वाच्या लाखपट बलाने) फिरवलेले सायटोसोल वापरा. लहान सेंट्रिफ्यूजवर जास्त वेळ फिरवून तेच साधेल असे समजू नका.

हेमिकोलिनियम-३ घातल्यावर फॉस्फोकोलीन घटले म्हणून कोलीन कायनेज रोखले गेले असे लिहू नका. ते संयुग कोलीन पेशीत आणणारा वाहकही बंद करते.

संक्षेपांवर विसंबून ऑर्डर देऊ नका. सीपीटी-१ म्हणून मागवलेली अँटिबॉडी कार्निटिन पामिटोइलट्रान्सफरेजची निघते, सीसीटी म्हणून मागवलेली चॅपरोनिनची निघते, आणि सीके म्हटले की रुग्णालयातल्या कोणालाही क्रिएटिन कायनेजच आठवते. कोलीनफॉस्फोट्रान्सफरेजसाठी सीएचपीटी-१ असे जनुकाचे अधिकृत नाव लिहा.

फॉस्फोलिपेज डी आणि कोलीन ऑक्सिडेज वापरणारे तयार किट स्फिंगोमायेलीन आणि लायसोफॉस्फॅटिडिलकोलीनमधले कोलीनही मोजते, आणि नमुन्यात डीटीटी (बफरमध्ये घालतात ते क्षपणकारक) असेल तर कोलीन ऑक्सिडेजने तयार केलेले पेरॉक्साइड रंग येण्याआधीच संपते.

पेशी वाढवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डीएमईएम या पेशी वाढवण्याच्या माध्यमात लिटरला ४ मिलिग्रॅम कोलीन क्लोराइड असते आणि आरपीएमआय १६४० मध्ये ३ मिलिग्रॅम, म्हणून दोन माध्यमांतल्या पेशींची सरळ तुलना करू नये. सीरमचे डायलिसिस केले तरी मोकळे कोलीन तेवढे जाते; अल्ब्युमिनला चिकटलेले लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन तसेच राहते आणि पेशी त्यापासून आपले फॉस्फॅटिडिलकोलीन बनवतात. महागडे कोलीनरहित माध्यम मागवून त्यात दहा टक्के नेहमीचे सीरम ओतणाऱ्याने निदान त्या माध्यमाचे पैसे तरी वाचवावेत.