तुमचं काम यंत्राकडे जाणार का? आठवडाभरात काढायचा हिशोब

यंत्रं येणार, नोकऱ्या जाणार, असं मोघम बोलून कुणाच्या हाती काही लागत नाही. यंत्र एका दमात अख्खी नोकरी घेत नाही. आधी तिच्यातली काही कामं घेतं आणि मग उरलेल्या कामासाठी माणसं किती लागतात, याचा हिशोब होतो. तोच हिशोब कामगाराने आधी करून ठेवायचा. भिवंडीच्या गोदामातला पॅकर, अंधेरीच्या कारखान्यातला ऑपरेटर, फोर्टमधल्या ऑफिसात हिशोब पाहणारी बाई आणि गावाकडे दोन एकर भात असलेला चाकरमानी, सगळ्यांना ही पद्धत चालते. एक वही, रोजची दहा मिनिटं आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे.

पाळीचे तुकडे करा

सहा दिवस प्रत्येक पाळीनंतर लिहा: कोणतं काम, किती मिनिटं. "पॅकिंग केलं" असं लिहू नका. माल उचलला, बारकोड मारला, खोका निवडला, फिलर भरला, टेप लावली, लेबल चिकटवलं, पट्ट्यावर ठेवला, असे तुकडे पाडा. मध्येच फुटलेली बाटली बाजूला काढली, स्कॅनर वाचेना म्हणून नंबर हाताने टाकला, तेही लिहा.

मग प्रत्येक तुकड्याला चार प्रश्न विचारा. वस्तू दरवेळी त्याच आकाराची आणि त्याच जागी येते का? बरोबर की चूक हे आकड्यात सांगता येतं का? चूक झाली तर ती स्वस्तात सुधारते का? हे काम तासाला शेकड्याने होतं का? प्रत्येक "हो"ला एक गुण. तीन किंवा चार गुण मिळालेली कामं आधी जातात. त्यांची मिनिटं एकत्र करा.

समजा 480 मिनिटांच्या पाळीत अशी कामं 288 मिनिटांची निघाली, म्हणजे 60 टक्के. आपलं 40 टक्के काम उरतं म्हणून आपण वाचलो, असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात आणि इथेच फसतात. पाच पॅकर असतील तर उरलेलं काम दोन माणसांचं होतं. मालक पाचांना थोडं थोडं काम देत नाही, दोघांना ठेवतो. त्या दोघांत कोण असेल, हे बऱ्याच अंशी शून्य किंवा एक गुण मिळालेल्या कामांवर ठरतं.

म्हणून ती कामं वहीत वेगळ्या पानावर घ्या. यंत्र अडतं त्या जागा बहुधा याच असतात. सुरकुतलेल्या पॉलिबॅगवर यंत्राचा सक्शन कप (हवा ओढून माल धरणारी रबरी वाटी) बसत नाही, हवा गळते आणि माल अर्ध्यात पडतो. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो, खोक्याची कड बसते आणि टेपिंग मशीन तो तिरका ओढतं. बारकोडवर चकचकीत टेप आली की प्रकाश उलटा फेकला जातो आणि स्कॅनर आंधळा होतो. जमिनीवरच्या क्यूआर स्टिकरवरून चालणारी गाडी फोर्कलिफ्टने स्टिकर खरवडला की जागीच थांबते. ही कारणं ज्याला दिसतात आणि दोन मिनिटांत दूर करता येतात, त्याची गरज यंत्र आल्यावर वाढते.

मालकाचा हिशोब

यंत्र कधी येणार हे त्याच्या किमतीइतकंच पाळ्यांवर ठरतं. एक उदाहरण घ्या, आकडे आपल्या कंपनीचे घाला. पगार 16,000. त्यावर मालकाचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के म्हणजे 1,800, ईएसआय (कामगार विमा) 3.25 टक्के म्हणजे 520, किमान बोनस 8.33 टक्क्यांनी सुमारे 1,330 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी सुमारे 770. एक माणूस मालकाला महिन्याला सुमारे 20,400 ला पडतो.

20 लाखांचं यंत्र प्रत्येक पाळीतल्या तिघांचं काम करतं आणि पाळीला एक ऑपरेटर लागतो, त्याचा सगळा खर्च 30,000 धरू. दोन पाळ्या असतील तर सहा जणांचे 1,22,400 वाचतात. ऑपरेटरचे 60,000 आणि वीज, सुटे भाग, देखभालीचे 15,000 वजा केले की 47,400 उरतात. यंत्राची किंमत साधारण 42 महिन्यांत सुटते. एकच पाळी असेल तर 61,200 मधून 30,000 आणि 12,000 गेले, उरले 19,200, आणि तेच यंत्र सुटायला 104 महिने लागतात.

एका पाळीच्या छोट्या कारखान्यात इतकं थांबायची बहुतेक मालकांची तयारी नसते. पण दुसरी पाळी सुरू होणार असं कानावर आलं, किंवा जुनं यंत्र स्वस्तात मिळू लागलं, की चित्र झपाट्याने पालटतं. हा आकडा दर सहा महिन्यांनी पुन्हा मांडा.

मुंबईने हे आधी पाहिलंय. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं, कंटेनर वाढले आणि मुंबईच्या गोद्यांत पाठीवर पोती वाहणाऱ्या टोळ्यांचं काम आटलं. नवं काम उभं राहिलं ते उरणच्या बाजूला, क्रेनवर, ट्रेलरवर, कंटेनर फ्रेट स्टेशनांत (कंटेनर भरायच्या-रिकामे करायच्या आगारांत). पण ते मिळायला वेगळं लायसन्स आणि वेगळं शिक्षण लागत होतं. काम सरकून कुठे जाणार, हे आधी शोधायचं ते यासाठी.

ऑफिसच्या कामालाही तेच चार प्रश्न लावा. बिलांची नोंद, बँक स्टेटमेंट जुळवणं, जीएसटीआर-2बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) खरेदी ताडणं ही कामं सॉफ्टवेअर घेतं. पोर्टलवरचं बटण हललं, ओटीपी मागितला गेला, किंवा पुरवठादाराने बिलाचा नंबर 0123 ऐवजी 123 लिहिला, की ते अडतं. ही तफावत कुठून आली हे शोधून पुरवठादाराला फोन करणारी व्यक्ती लागतेच.

गावाकडची जमीन

शेतीत यंत्राला सगळ्यात जास्त अडवतात ते जमिनीचा आकार आणि पिकाची मांडणी. ऊसतोडणी यंत्राला सरीतलं अंतर साडेचार-पाच फूट लागतं. जुन्या तीन फुटी सरीत ते शिरत नाही, म्हणून तिथे अजून कोयता चालतो. ज्या गावात नवी लागण पाच फुटांवर होऊ लागली, तिथल्या टोळ्यांनी पुढचे हंगाम कमी धरायचे. बातम्यांपेक्षा ही खूण लवकर कळते.

कोकणातल्या भातात लावणी यंत्र नापास होतं ते बहुधा रोपवाटिकेमुळे. रोपं ट्रेमध्ये चटईसारखी वाढवावी लागतात: मातीचा थर सुमारे 2 सेंटिमीटर, रोप 15 ते 20 दिवसांचं, उंची 12 ते 15 सेंटिमीटर, एकरी 80 ते 100 ट्रे. मुळं एकमेकांत गुंतली नसतील तर यंत्राचे चिमटे अर्धवट रोप उचलतात आणि ओळीत जागा रिकाम्या राहतात. चिखलणीनंतर एक दिवस गाळ बसू द्या आणि लावणीच्या वेळी पाणी 2-3 सेंटिमीटरच ठेवा. जास्त असेल तर रोपं तरंगतात. खाचर लहान असेल तर वळवण्यातच वेळ जातो. शेजारच्या चार-पाच खाचरांची लावणी एका दिवशी धरली तरच भाड्याचं यंत्र परवडतं.

फवारणी मात्र वेगाने हातातून जातेय. पाठीवरच्या पंपाला एकरी 150-200 लिटर पाणी लागतं, ड्रोन साधारण 10 लिटरमध्ये दहाएक मिनिटांत एकर उरकतो. इथे मजुरी जाते, पण पायलटचं काम तयार होतं. त्यासाठी वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण लागतं. महिला बचत गटांसाठीच्या नमो ड्रोन दीदी योजनेत किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख अनुदान आणि 15 दिवसांचं प्रशिक्षण आहे. सरावासाठी मुंबईत जागा शोधू नका. विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंत उड्डाणावर निर्बंध असतात. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा पाहाच.

शेतावर पहिली टाकी नुसत्या पाण्याची उडवा. उंची पिकाच्या शेंड्यापासून दीड-दोन मीटर ठेवा. वर गेलात तर औषध शेजारच्या शेतात जातं, खाली आलात तर पंख्याच्या वाऱ्याने पीक लोळतं आणि मध्ये पट्टे सुटतात. वारा ताशी 10-12 किलोमीटरच्या पुढे गेला की थांबा. पावडर स्वरूपातली औषधं न गाळता टाकली तर नोझल तुंबतात. उतरलेली बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नका आणि ती 25 टक्क्यांखाली नेऊ नका. दिवसभर काम करायचं तर बॅटरीचे चार-पाच संच हवेत.

हापूसच्या बागेत हा हिशोब बदलतो. एवढ्याशा पाण्यात दाट झाडाच्या आतल्या फांद्या भिजत नाहीत. आणि फळ 80-85 टक्के तयार झालंय हे ओळखून ते देठासकट झेल्यात (लांब काठीला लावलेल्या जाळीत) उतरवणारा माणूस अजून कोणत्याही यंत्रापेक्षा भरवशाचा आहे.

शिकायचं काय

"रोबोटिक्स" नावाच्या महागड्या कोर्सला घाईने पैसे भरू नका. यंत्र बंद पडल्यावर चालू करता येणं, एवढं एक कौशल्य आधी हातात आणा. मेकाट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय, चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेतले अभ्यासक्रम, हे रस्ते आहेत. घरच्या सरावाला 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय, छोटा पीएलसी (यंत्राला क्रमाने हुकूम देणारा कंट्रोलर), दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की कळवणारे), एक रिले (विजेवर चालणारा स्विच), दोन पुश बटणं आणि एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारा हवेचा व्हॉल्व्ह) पुरतो. लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं.

दोष शोधण्याचा क्रम पाठ करा: इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलंय का, हवेचा दाब 6 बारच्या आसपास आहे का, सेन्सरचा दिवा लागतो का, पीएलसीच्या इनपुटचा दिवा लागतो का, आउटपुटचा लागतो का, मग रिले, मग व्हॉल्व्ह. सेन्सरचा दिवा लागतो पण इनपुटचा लागत नाही, तेव्हा बऱ्याचदा तार तुटलेली असते किंवा पीएनपीच्या जागी एनपीएन, म्हणजे उलट जोडणीचा सेन्सर बसवलेला असतो. पावसाळ्यात हवेच्या फिल्टरच्या वाटीत पाणी साचतं आणि व्हॉल्व्ह चिकटतो. रोज पाळीच्या सुरुवातीला ती वाटी रिकामी करा.

कपातीची वेळ आली तर

औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. यंत्रामुळे कपात होण्याची शक्यता असेल तर त्या बदलाआधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीआधी महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई मिळते. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून ठेवलेला निधी) 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यात यायला हवा.

16,000 पगार आणि 9 वर्षं नोकरी असेल तर, 15 दिवस म्हणजे निम्मा पगार धरून भरपाई 72,000, निधीचे 8,000 आणि ग्रॅच्युइटी सुमारे 83,000. म्हणूनच "स्वखुशीने राजीनामा" असा छापील कागद पुढे आला तर सही करू नका. राजीनाम्यात ग्रॅच्युइटी मिळते, कपातीची भरपाई जाते.

कंत्राटी कामगारांना सगळ्यात आधी आणि गुपचूप काढलं जातं, म्हणून पुरावा आजच गोळा करा. गेट पासचा फोटो, हजेरीचे मेसेज, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, ईएसआय कार्ड. दर तीन महिन्यांनी यूएएनचं (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकाचं) पासबुक उघडून कंत्राटदार बदलला त्या महिन्यात खंड पडलाय का ते पाहा. खंड दिसला तर त्याच महिन्यात लेखी विचारा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर या कागदांच्या दोन प्रती घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. खंड पीएफचा असेल तर वेगळा अर्ज भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे करा.