चीनच्या यिचांगले एमबीबीएसले चालले? हवेचं आधी पाहून घ्या

राजेहो, यांगत्सी नदीकाठचं यिचांग आपल्या यवतमाळसारखं कोरडं नाही तापत, जुलै-ऑगस्टात पारा ३५च्या वर अन् दमटपणा वेगळा, तिथं आपला कूलर काही कामाचा नाही, एसीवाली रूमच पहा. जूनच्या मधापासून नुसती झड, कपडे वाळतच नाहीत.

खरी काळजी डिसेंबर-जानेवारीची. वारा पडते, थंड हवा खाली दबून बसते अन् धूर तिथंच अडकते. भारत अन् चीन, दोघांचा एक्यूआयचा (हवा किती खराब ते सांगणारा आकडा) हिशेब वेगळा, म्हणून डायरेक्ट पीएम २.५चा (हवेतल्या एकदम बारीक कणांचा) आकडा पहा, आपल्याकडं २४ तासांची मर्यादा घनमीटरमागं ६० मायक्रोग्रॅम आहे, त्याच्या वर गेला का एन९५ मास्क लावा (दुपट्टा बांधून काहीच होत नाही बाप्पा), सकाळचं रनिंग बंद. तिकडं दक्षिण चीनमध्ये, म्हणजे यिचांगातही, घरं गरम ठेवायचं सरकारी हीटिंग सहसा नसते, थर्मल कपडे इथूनच न्या.