आठ वर्षांची व्हाउचरं कुलपात ठेवताना

मी एका सीएच्या ऑफिसात स्कॅन केलेल्या व्हाउचरांचा साठा सांभाळते. जागा मोकळी करायला चालवलेल्या एका स्क्रिप्टनं एकदा एका क्लायंटचं अख्खं वर्ष पुसलं. कागदांचे गठ्ठे उघडून सगळं पुन्हा स्कॅन करण्यात अकरा दिवस गेले. आमच्या फाइली अमेझॉन एसथ्री या ऑनलाइन साठ्यात असतात. तेव्हापासून त्याचं ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप, चालू केल्याशिवाय मी एकही बकेट (फाइली ठेवायचा कप्पा) वापरात आणत नाही.

सेटिंग उघडण्याआधी मुदतीचा हिशेब कागदावर करा. कंपनी कायदा २०१३चं कलम १२८ हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचरं किमान आठ आर्थिक वर्षं जपायला सांगतं. एसथ्री मात्र फाइल चढवल्या दिवसापासून मोजतं. एप्रिल २०२४मध्ये चढवलेल्या व्हाउचरावरचं आठ वर्षांचं कुलूप एप्रिल २०३२मध्ये उघडेल. कायद्याची आठ वर्षं मात्र व्हाउचराचं आर्थिक वर्ष संपल्यावर सुरू होतात, म्हणून एप्रिल २०२४चं व्हाउचर त्याला मार्च २०३३ अखेरपर्यंत हवं असतं. म्हणून मी नऊ वर्षं लावते.

ऑब्जेक्ट लॉकला व्हर्जनिंग, म्हणजे फाइलीच्या जुन्या प्रतीही जपून ठेवणं, लागतंच. एकदा चालू केलेलं लॉक बंद करता येत नाही, व्हर्जनिंगही थांबवता येत नाही. बकेटला लावलेली डिफॉल्ट मुदत फक्त नव्या फाइलींना लागते, जुन्यांना वेगळी लावा. हे हमखास राहून जातं.

मोड दोन आहेत. गव्हर्नन्स मोडमध्ये खास परवानगी असलेला माणूस कुलूप ओलांडू शकतो. अशा माणसानं कन्सोलमधून (ब्राउझरमधल्या नियंत्रण पानावरून) डिलीट केलं, तर कुलूप त्याला अडवत नाही, कारण ओलांडण्याची खूण कन्सोल आपणहून जोडतं. त्यामुळे ॲडमिन खाती मोजकीच ठेवा. कंप्लायन्स मोडमध्ये रूट खात्यालाही (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यालाही) मुदतीआधी पुसता येत नाही की मुदत कमी करता येत नाही. अख्खं खातं बंद करणं एवढाच मार्ग उरतो. दिवसांच्या जागी वर्षं पडली, तर तितकी वर्षं बिल भरत राहावं लागेल. आधी गव्हर्नन्समध्ये एक दिवसाची मुदत लावून बघा.

एखाद्या क्लायंटचा खटला चालू असेल तर त्याच्या फाइलींवर लीगल होल्ड ठेवा. त्याला मुदत नसते, काढेपर्यंत तो राहतो.

आता चाचणी. साध्या परवानगीच्या खात्यातून एक फाइल डिलीट करा. ती यादीतून गायब होईल, पण घाबरू नका. वर फक्त डिलीट मार्कर, म्हणजे ‘पुसलं’ अशी खूण, बसलेला असतो. ‘शो व्हर्जन्स’ चालू करून तो काढला की फाइल परत दिसते. मग मुद्दाम खालचं मूळ व्हर्जनच पुसायला जा. तिथं नकार मिळाला, तरच खऱ्या फाइली चढवायला घ्या.