इमारतीची बाहेरची भिंत धुताय? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की मुंबईतल्या कितीतरी इमारतींची पश्चिमेकडची बाजू काळवंडलेली दिसते. नैऋत्येचा वारा पाऊस तिरका आणून भिंतीवर आपटतो. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी २२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे भिंतीला सुकायला उसंतच नाही. शेवाळ आणि बुरशी धरणारच. मग दिवाळीच्या तोंडावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "प्रेशरवाला बोलवा, दोन दिवसांत चकाचक करून देईल." बिघडायला सुरुवात होते ती इथून.

डाग कसला आहे हे न बघता पाणी मारणं ही पहिली चूक. सगळ्या भिंतीवर सारखा काळसर-हिरवा थर असेल तर ते शेवाळ, ते धुऊन जातं. पण खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लांब काळे ओघळ असतील तर छज्ज्याखालची बारीक खाच बुजली आहे का ते पाहा. ती नसली की पाणी खाली न ठिबकता भिंतीवरून वाहतं, आणि कितीही धुवा, पुढच्या पावसात ओघळ हजर. एकाच जागी, ऐन मे महिन्यातही हिरवं दिसतंय? तिथे ड्रेनेज पाईपचा जोड गळतोय. आधी प्लंबर, मग सफाई. तांबूस डाग दिसला तर आतली सळई गंजते आहे, ते काम धुणाऱ्याचं नव्हेच. आणि इमारत ३० वर्षांवरची असून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, झालेलं नसेल, तर ते कायद्यानेच सक्तीचं आहे. धुण्याचा खर्च तोवर थांबवा.

पांढरी पूड, म्हणजे लोणा, बहुतेक जण पाण्याने धुतात. भिंतीत मुरलेलं पाणी आतले क्षार बाहेर आणतं आणि ते पृष्ठभागावर सुकतात. पाणी मारलं की तेच क्षार विरघळून पुन्हा आत जातात, भिंत सुकली की पुन्हा वर. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि ओल कुठून येते ते शोधा.

आता प्रेशर मशीन. वाईट नाही, पण हातात आलं की माणसाला जोर चढतो. टोकदार धार प्लास्टरच्या केसासारख्या भेगांत पाणी घुसवते आणि आठवड्याभराने आतल्या बेडरूममध्ये ओल दिसते. पंख्यासारखी पसरट धार देणारं नोझल लावा, भिंतीपासून हातभर तरी लांब धरा, धार खाली झुकलेली ठेवा. खालून वर मारली की पाणी खिडकीच्या चौकटीत शिरतं. त्याआधी भिंत ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तिथे मशीन लावायचंच नाही, तो पोपडा कोणाच्या तरी डोक्यावर पडेल.

ॲसिडचा मोह तर फारच जुना. ॲसिड सिमेंटच खातं, डाग निघतो तो वरच्या थरासकट. जुन्या इमारतीला पोरबंदरी दगड असेल तर तो चुनखडीचा आहे, त्याच्यावर ॲसिड म्हणजे दगडाचं नक्षीकाम पुसून टाकणं. शेवाळाला ब्लीच पुरतं: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन-चार भाग, दहा-पंधरा मिनिटं ठेवून सुकायच्या आत नरम ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. खालच्या कुंड्या आधी भिजवून झाका, ग्रिलही नीट धुवा. ब्लीचमध्ये ॲसिडचा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू होतो. धुणाऱ्याने स्वतःहून "पॉवरफुल मिक्स" आणलं असेल तर बाटल्या बघूनच काम सुरू करू द्या. दर्शनी भागाला ॲल्युमिनियमचे पॅनल असतील तर सौम्य साबण आणि मऊ कापड. तारेची घासणी नको.

भेगेतला पिंपळ वरून छाटणं म्हणजे त्याला जोम देणं. मुळासकट काढून भेग भरायला हवी.

घाईत रंग हीही नेहमीची चूक. मुंबईतून मान्सून सरासरी ८ ऑक्टोबरला परततो, पण भिंत तेव्हा आतून ओलीच असते. धुतलेल्या भिंतीवर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. खाली दव साचलं तर रंगाऱ्याला थांबायला सांगा, नाहीतर दोन-चार महिन्यांत फुगे येतात. दिवाळीला भिंत जुनीच दिसली तर दिसू दे.

आणि झुल्यावरच्या माणसाला हेल्मेट, पट्टा आणि गच्चीवर वेगळी बांधलेली दोरी हवी. तो ज्या दोरीवर बसलाय तिलाच पट्टा अडकवला असेल तर काम तिथेच थांबवा. एसीच्या बाहेरच्या युनिटची वीज बंद करायला प्रत्येक फ्लॅटला आदल्या दिवशी सांगा. नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही, तेव्हा बेल वाजवूनच.