कासवाच्या पिल्लाचं कवच मऊ पडतंय? या चुका टाळा

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीला सरकत्या काचा आहेत. सुलकाटा या आफ्रिकी कासवाचं पिल्लू घरी आलं तेव्हा त्याचा टब त्या काचेलगत मांडला. सकाळी दहापासून एकपर्यंत टबात लख्ख ऊन, ताटात हिरवागार पाला, पाल्यावर कॅल्शियमची पावडर. आणखी काय पाहिजे? चौथ्या महिन्यात वजन करायला उचललं तर पोटाकडचं कवच बोटाखाली आत गेलं आणि परत वर आलं, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण दाबल्यावर होतं तसं. डॉक्टरांपुढे मी लगेच बाजू मांडली, "सर, ऊन तर रोज देतो नं." त्यांनी पिल्लू उलटंपालटं करून बघितलं आणि एवढंच विचारलं, "काचेतून, की उघड्यावर?"

अगदी नवजात पिल्लाच्या कवचात थोडी लवचीकता असतेच. पण ती महिन्यागणिक कमी व्हायला हवी. आमच्याकडे ती वाढत चालली होती.

काचेतलं ऊन हे ऊन नव्हे

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी आपल्याला इथे हवे असतात ते यूव्हीबी, साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे. ते कातडीवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून डी 3 जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो, शरीराच्या उबेने त्याचं डी 3 होतं, आणि यकृत आणि मूत्रपिंडातून गेल्यावर ते कामाला लागतं. काम काय, तर आतड्यातलं कॅल्शियम रक्तात ओढून घेणं. खिडकीची साधी काच उजेड आणि उष्णता आत सोडते, यूव्हीबी जवळपास सगळा बाहेरच अडवते. म्हणजे आमचं पिल्लू चार महिने काचेमागे नुसतं शेकत होतं आणि पावडरीतलं बरंचसं कॅल्शियम शेणातून बाहेर पडत होतं.

रक्ताला मात्र कॅल्शियम लागतंच. स्नायू हलायला लागतं, हृदय चालायला लागतं. आतड्यातून येत नसेल तर शरीर ते हाडांतून काढतं. आणि कासवाचं कवच हे वरून घातलेलं चिलखत नाही, त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच त्यात जुळून गेलेला असतो. वर नखासारखा थर, आत जिवंत हाड. उचल होते ती तिथूनच.

टबावर बारीक जाळी टाकली असेल तर तीही यूव्हीबीचा चांगलाच वाटा खाते. मांजर-कावळ्यांसाठी जाळी लागणारच, पण मोठ्या भोकांची घ्या.

आणि नागपूरचं ऊन म्हणजे गंमत नव्हे

काचेची चूक कळली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. टब उचलतो आणि गच्चीवर ठेवतो. एप्रिल-मेमध्ये ही चूक पिल्लाच्या जिवावर बेतते. शंभर ग्रॅमचं पिल्लू तापायला वेळ लागत नाही, प्लास्टिकच्या टबात तर वाराही नसतो. टबाच्या भिंतीवर वेड्यासारखं चढत असेल, तोंडाला फेस असेल, तर ते खेळत नाहीये. लगेच सावलीत घ्या, कोमट पाण्यात ठेवा (बर्फाच्या नाही) आणि दवाखाना गाठा.

मग ऊन द्यायचं कधी? त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन म्हणजे स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर उन्हात यूव्हीबी भरपूर. सावली लांबच लांब असेल तर ऊन कोवळं, अंगाला छान, पण कॅल्शियमच्या कामाचं थोडंच. नागपुरात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी बारालासुद्धा सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी होते. म्हणून थंडीत सकाळी आठचं कोवळं ऊन दाखवून आत घेणं ही चूकच, तेव्हा अकरा ते दोन हीच वेळ. याउलट मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, नेमका नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांच्या तोंडावर. त्या दिवसांत साडेआठ-नऊलाच सावली पुरेशी आखडलेली असते. तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं, तीही अर्ध्या टबात पक्की सावली ठेवून, आणि आपण शेजारी बसून. "पाच मिनिटांत येतो" म्हणून फोनवर गेलात की संपलं.

सावलीसाठी आम्ही फुटका माठ वापरतो. अर्धा भाग पालथा घातला की आत गारवा राहतो, आणि पिल्लू स्वतः ठरवतं कधी आत जायचं, कधी बाहेर यायचं. कासवाला अंगातली उष्णता स्वतः तयार करता येत नाही, त्यामुळे उन्हातून सावलीत जाता येणं हाच त्याचा थर्मोस्टॅट.

दिवा आणला, पण कोणता?

पावसाळ्यात आठवडा आठवडा आभाळ भरलेलं असतं आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला बाराही महिने उघडं ऊन मिळेलच असं नाही. मग दिवा लागतो. इथे फसवणूक फार. निळसर उजेडाचा एलईडी 'यूव्ही' म्हणून विकला जातो, त्यात यूव्हीबी नसतो. मत्स्यालयातलं पाणी निर्जंतुक करायचा यूव्ही दिवा तर चुकूनही नको, तो यूव्हीसी, त्याने डोळे आणि कातडी भाजते. लाल बल्बने ऊब मिळते, बाकी काही नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली यूव्हीबी ट्यूबच घ्यायची. ती आडवी, वरून लावायची, बाजूने नाही, नाहीतर किरण थेट डोळ्यांत जातात. उंची खोक्यावर दिलेली असते, ती टेप लावून मोजा. काच किंवा अॅक्रिलिकच्या झाकणावर ठेवलीत तर परत पहिल्या चुकीवर आलात.

दुसरी गोष्ट, ट्यूब पेटते म्हणजे चालते असं नाही. दिसणारा उजेड तसाच राहतो, यूव्हीबी आधीच उतरलेला असतो. जाड टी 8 ट्यूब सहा महिन्यांनी आणि बारीक टी 5 साधारण वर्षाने बदलायची. मी ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवतो, कारण पावती हरवते.

ताटातल्या चुका

पालक सगळ्यात आधी बंद करा. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकतं, मग ते आतड्याला घेता येत नाही. चवळी, घोळ आणि अंबाडी यांचंही तेच, क्वचित चार पानं चालतील, रोज नाही. काकडी म्हणजे पाणी. टोमॅटो, केळं यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि आपल्याला उलटं हवं असतं, कॅल्शियम निदान दुप्पट. पोळी, भात, पनीर, कुत्र्याचे दाणे यांचा तर प्रश्नच नको. आणि संत्र्याच्या गावात राहतो म्हणून सुलकाटाला संत्र्याची फोड भरवायची हौस येते, पण गवतावर जगणाऱ्या या प्राण्याचं पोट साखरेने बिघडतं.

द्यायचं काय, तर हरळी, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग. कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, अधूनमधून. रस्त्याच्या दुभाजकावरचं गवत आणू नका, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं.

आता पावडर. साधं कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस नसलेलं, आठवड्यातून तीन-चार वेळा पाल्यावर चिमूटभर भुरभुरायचं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं समुद्रफेस टबात ठेवलं तरी चालतं, पिल्लू मनाला येईल तेव्हा कुरतडतं आणि चोचही झिजते. चुना मात्र देऊ नका. हा सल्ला मला एकदा नाही, तीनदा मिळाला, पानठेल्यावर तर पुडीच हातात ठेवली होती: "हा घ्या, हेच कॅल्शियम!" खर्र्यात (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणात) घालायचा चुना दाहक असतो, पिल्लाचं तोंड आणि अन्ननलिका भाजून निघेल.

माणसांचं डी 3 असलेलं सिरपही स्वतःच्या मनाने पाजू नका. उन्हातून तयार होणारं डी 3 शरीर स्वतः आवरतं, जास्तीचं उन्हातच मोडून जातं. तोंडावाटे गेलेल्याला असा लगाम नाही. जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं.

पाठीवर टेंगळं आली, म्हणजे कॅल्शियम कमी?

बहुतेक वेळा नाही. आणि नागपुरातल्या माणसाने नीट वाचावा असा हाच भाग आहे.

पाठीवरच्या चौकटी पिरॅमिडसारख्या उंच होत जातात त्याला पाळणारे 'पिरॅमिडिंग' म्हणतात. वर्षानुवर्षं दोष प्रथिनांना आणि कॅल्शियमला दिला जायचा. 2003 साली सुलकाटाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रथिनांपेक्षा हवेतल्या कोरडेपणाचा परिणाम कितीतरी मोठा दिसला. कोरड्या हवेत वाढणारी पिल्लं उंचवट्यांची होतात, दमट हवेतली बरीच गुळगुळीत. वाळवंटाच्या कडेचा प्राणी आणि त्याला ओल? हो, कारण तिथलं पिल्लू दिवसभर उघड्यावर फिरत नाही, बिळात असतं, आणि बिळात ओल असते.

मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते, कधी त्याहून खाली. उघड्या टबात, पंख्याखाली, कोरड्या वाळूवर पिल्लू ठेवलं तर पावडरीची अख्खी बाटली संपवूनही पाठ सपाट येणार नाही. तळाला कोकोपीटचा जाड थर ओलसर ठेवा, पिळल्यावर थेंब पडू नये इतपत. टबाचा बराचसा भाग झाका. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा मीटर आत टाका, 70 ते 80 टक्के दिसले पाहिजेत. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. याच वेळी पिल्लू पाणी पितं, शी-शू करतं. शूबरोबर पांढरं दहीसर येणं ठीक, रवाळ वाळूसारखं आलं तर पाणी कमी पडतंय.

पण ओल ऊबेसकटच. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र दहा अंशांखाली उतरते, तेव्हा थंड आणि ओलं कोकोपीट म्हणजे न्यूमोनियाला आवतण. पिल्लाला रात्री 25-26 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो. दिवसा एका टोकाला 35 च्या आसपास, दुसऱ्या टोकाला 27-28. उन्हाळ्यात कूलरची खोली आर्द्रतेच्या दृष्टीने एसीच्या खोलीपेक्षा बरीच बरी, फक्त कूलरचा झोत टबावर नको.

खोबरेल तेल लावून पाठ चमकवणं हा मात्र शुद्ध वेळेचा अपव्यय. तेलावर धूळ बसते, ओल अडकते, कवच कुजायला जागा मिळते.

एक चूक घरात आणण्याआधीची

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव कुणी देत असेल तर घेऊ नका. भारतीय स्टार कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची 1 मध्ये. पाळणं गुन्हा आहे, "शुभ असतं" म्हणून ठेवलं तरी. घरात आधीपासून असेल तर वनविभागाला कळवा, 1926 ही हेल्पलाइन आहे, आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचं उपचार केंद्रही आहे. सुलकाटासारख्या परदेशी जातीचीही नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आणि सुलकाटा मोठेपणी चाळीस-पन्नास किलोंचा होतो, हे विक्रेत्याने मला सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात कधी

मागचे पाय ओढत चालणं, पोट जमिनीला घासणं, पाय थरथरणं, खालचा जबडा मऊ किंवा वाकडा, कवचाच्या कडा वर वळणं, कुठे खड्डा पडून वास येणं. यातलं काहीही दिसलं तर घरगुती प्रयोग थांबवून एक्स-रे काढून घ्या. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधा, फोनवर आधी विचारा. रोज अंगठ्याने दाबून बघू नका. आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन, महिन्याला वरून आणि बाजूने एक फोटो, एवढं पुरतं. जाताना ट्यूबचं खोकं, पावडरीची बाटली आणि हे फोटो सोबत न्या, आणि उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ घ्या.

आमचं पिल्लू आता चौदा महिन्यांचं आहे. पोटाकडचं कवच टणक झालं. पहिल्या चार महिन्यांची टेंगळं पाठीवर तशीच आहेत, ती जाणार नाहीत असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांच्या कडेने आलेली नवी फिकट वाढ मात्र सपाट आहे.